थांबाबाई आणि वन्संचा हात

कारखान्यात तिला सगळे थांबाबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग धीर चेपला तसे तोंडावर म्हणायला लागले. हे नाव तिच्या नणंदेनं ठेवलेलं. नणंदेनं ठेवलेलं नाव म्हणजे विषयच संपला, ते जन्माला चिकटलं. तिचं काम एवढंच, की कारखान्यातला माल परदेशी कोणाला विकायचा आणि कोणाला नाही ते आधी नीट बघायचं. मोठी ऑर्डर आली म्हणून बाकीचे खुशीत टेबलावर थाप मारत असताना ही चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "थांबा." मग थाप मारणारे हात हळूच मांडीवर जायचे.

अशा माणसाचं कौतुक होणं कठीणच. माल विकला की पेढ्याचा नाही तर निदान चहाचा तरी कार्यक्रम होतो. माल विकला नाही म्हणून कधी कोणी चहा पाजल्याचं ऐकलंय? जे घडलंच नाही त्याचे आभार कोण मानणार. पण त्या आवारात आज दिवे लागतात, माणसं डबे घेऊन येतात आणि पगार घेऊन जातात, त्यात या बाईच्या 'थांबा'चा वाटा मोठा आहे, आणि तो कोणीतरी एकदा नीट सांगायला हवा.

कारखाना म्हणजे मुळात चष्म्याचं दुकान. मालकांच्या आजोबांनी रस्त्याकडेला उघडलं, ते तळमजल्यावर अजून चालू होतं. वडलांनी वरच्या मजल्यावर सूक्ष्मदर्शक बनवायला घेतले, ते इस्पितळांत जायचे. आणि मालकांनी स्वतः मागच्या आवारात नवी इमारत बांधून ऊब बघणारे कॅमेरे काढले. या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. अंधार असो, धूर असो, धुकं असो, माणसाच्या अंगाची ऊब त्याला दिसते आणि पडद्यावर माणूस पांढरा उमटतो. आग विझवणाऱ्यांना धुरात अडकलेला जीव सापडावा म्हणून ही खटपट सुरू झाली होती. पण धुरात अडकलेला माणूस शोधायला जो कॅमेरा, अंधारात लपलेल्या माणसावर नेम धरायलाही तोच. कॅमेऱ्याला यातला फरक कळत नाही, आणि म्हणूनच थांबाबाईला पगार होता.

तिला या नोकरीवर लावलं ते नणंदेनंच. नणंद, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, कॅमेऱ्यांच्या इमारतीत पहिल्या दिवसापासून. थांबाबाई तिला वन्सं म्हणायची. लग्नाआधी थांबाबाई बंदरावरच्या कस्टमच्या कचेरीत हंगामी कारकून होती. पेटीवर लिहिलंय एक आणि आत निघतंय दुसरं, हे तिनं रोज पाहिलेलं. ती हंगामी नोकरी संपली तेव्हा वन्सं मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या भावजयीला घ्या. तिला सगळ्याचा संशय येतो. घरात आम्हाला त्याचा फार जाच आहे, तुम्हाला उपयोग होईल." मालक हसले आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं.

वन्संचं खातं म्हणजे 'स्वच्छ खोली'. तिथे धुळीचा कण चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, केसांवर टोपी, हातात मोजे. पावडर नाही, अत्तर नाही, मोकळा केस तर नाहीच. भिंगं बसवून झाली की कॅमेरा शेजारच्या चाचणीच्या टेबलावर यायचा आणि वन्सं उजव्या हातातला मोजा काढून तळहात भिंगासमोर धरायच्या. पडद्यावर हात उमटायचा, मधे पांढरा आणि बोटांच्या टोकांना काळपट, कारण वन्संची बोटं कायम गार. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती, लहानपणी दारात चेमटलेली. बटण दाबलं की कॅमेऱ्यात पहिला फोटो साठायचा. प्रत्येक कॅमेऱ्यानं जगात आल्यावर आधी पाहिला तो वन्संचा हात.

नियम असा, की माल खोक्यात जाण्याआधी हा फोटो पुसायचा. पण पुसलं की कॅमेऱ्याची सगळी जुळणी परत शून्यावर यायची आणि अर्धा दिवस नव्यानं बसावं लागायचं. त्यामुळे खोलीतल्या बायकांनी गुपचूप ठरवून टाकलं होतं, की राहू दे, एका हातानं कोणाचं काय बिघडतंय. थांबाबाईला याचा पत्ता नव्हता. एवढी संशयी बाई, पण नणंदेवर संशय घ्यायचं तिला सुचलंच नाही.

थांबाबाईचा स्वतःचा एक हट्ट होता, वर्षाच्या किल्लीचा. परदेशी गेलेला प्रत्येक कॅमेरा वर्षातून एकदा तपासणीला परत यायचा. तपासला की त्यात पुढच्या वर्षाची किल्ली भरली जायची, म्हणजे एक गुप्त आकडा. नाही आला, तर पडदा काळा. विकणारी पोरं वैतागायची. "बाई, गिऱ्हाईक म्हणतं, विकत घेतलेली वस्तू दरवर्षी माहेरी का पाठवायची?" थांबाबाई म्हणायची, "माहेरी आली की कळतं, सासरी कशी नांदतेय ते." या हट्टापायी काही गिऱ्हाइकं गेली, आणि गेल्यावर त्याचं खापर तिच्यावर फुटलं. ते तिनं निमूट सोसलं.

मग एक वाईट वर्ष आलं. इस्पितळांनी हात आखडता घेतला, आगीच्या बंबवाल्यांनी जुन्यावरच भागवलं. स्वच्छ खोली अर्धा आठवडा बंद राहायला लागली. मालकांनी कोणाला काढलं नाही, पण ते खिडकीशी उभे राहून आवाराकडे बघायला लागले की लोक हातातलं काम सोडून एकमेकांकडे बघायचे. ऑर्डर आली नाही तर ती खोली बंद होणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. वन्संचा नवरा गुडघ्यांनी अधू होऊन घरी बसलेला, मुलगी शिकत होती. ते घर वन्संच्या पगारावर चाललेलं होतं.

नेमके तेव्हाच अत्तरवाले उगवले. हे एका परदेशी सरकारचे मध्यस्थ. बोलणं मधाळ, बूट चकचकीत, आणि अंगाला अत्तराचा घमघमाट. त्यामुळे वन्संनी त्यांना खोलीच्या काचेपलीकडेच उभं केलं आणि बायकांनी तिथल्या तिथे नाव पाडलं. आदल्या वर्षी त्यांनी थोडे कॅमेरे नेले होते, त्यांच्या वनखात्याला जंगलातले वणवे शोधायला. ते म्हणे फार आवडले. आता हवे होते ते सरहद्दीवर लावायला आणि विमानासारख्या उडत्या यंत्रांवर बसवायला. ऑर्डर एवढी मोठी, की स्वच्छ खोली दोन पाळ्यांत चालवावी लागली असती. अट फक्त एक. वर्षाची किल्ली नको, कायमची द्या.

"थांबा," थांबाबाई म्हणाली.

मालक दमलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, आज तरी नका म्हणू."

"नाही म्हणत नाही मी. थांबा म्हणतेय. मला बघू दे."

ती बघत बसली. तिची पद्धत साधी होती. हा माल घेणाऱ्याचं भांडण कोणाशी, आणि ज्याच्याशी भांडण तो आपला कोण लागतो, हे आधी काढायचं. घेणाऱ्या देशाचं भांडण होतं त्याच्या शेजाऱ्याशी. आणि तो शेजारी आपला चांगला जवळचा होता. आपल्या देशात येणारी धान्याची जहाजं त्याच्या बंदरातून यायची. कारखान्याचे सूक्ष्मदर्शक सगळ्यांत जास्त घेणारी इस्पितळंही त्याचीच. म्हणजे एका हातानं मोठी ऑर्डर घ्यायची आणि दुसऱ्या हातानं जुनं गिऱ्हाईक घालवायचं. शिवाय हे प्रकरण चिघळलं तर परदेशी विक्रीचा परवाना देणारं आपलं सरकार आधी कारखान्याचाच परवाना काढून घेणार. आणि कायमची किल्ली दिली, की तो माल उद्या कोणाच्या हातात जाईल ते विचारायचीही सोय राहणार नाही.

कागदावर हे स्पष्ट होतं. घरी जेवायच्या पानावर मात्र ते तितकं स्पष्ट राहिलं नाही. वन्संचं घर दोन गल्ल्या पलीकडे, आठवड्यातून एकदा दोन्ही घरं एकत्र जेवायची. वन्सं तिच्या पानात भाजी वाढत म्हणाल्या, "तू मला काही सांगू नकोस, मी तुला काही विचारणार नाही. कचेरीचं कचेरीत." आणि खरंच त्यांनी विचारलं नाही. मुलीच्या कॉलेजच्या फीबद्दल नवऱ्याशी बोलताना त्यांनी आवाज खाली आणला, तेवढंच. नोकरी जिनं लावून दिली, तिचीच नोकरी आपल्या एका शब्दानं जाणार, या विचारानं थांबाबाईचा जीव अर्धा झाला.

असा जीव टांगणीला लागलेला असताना परराष्ट्र खात्यातल्या एक बाई कारखान्यात आल्या. साध्या साडीतल्या, प्रवासानं शिणलेल्या. त्यांनी मालकांच्या टेबलावर एक फोटो ठेवला. म्हणाल्या, त्या दोन देशांच्या सरहद्दीवर चकमक झाली. शेजारी देशाच्या सैनिकांनी समोरच्यांकडून एक कॅमेरा हिसकावला. बनवणाऱ्याचं नाव घासून काढलेलं होतं, पण आत साठवलेला पहिला फोटो तसाच होता. "शेजाऱ्यांचं म्हणणं आहे, की हे यंत्र आपल्या देशातलं आहे आणि आपण जाणूनबुजून दिलंय. आपली धान्याची जहाजं त्यांच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहेत. असं यंत्र बनवणारे कारखाने आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी प्रत्येक ठिकाणी हा फोटो दाखवतेय. कोणाचा हात ओळखता येतोय का बघा."

पांढरा तळहात, टोकांना काळपट बोटं, वाकडी करंगळी.

मालकांनी मान हलवली, त्यांना काही उमगलं नाही. थांबाबाईनं मात्र पाहताक्षणी ओळखलं. त्या हातानं तिच्या बाळंतपणात तिच्या पायांना तेल चोळलं होतं. आता बोललं तर वन्संची नोकरी जाणार, कदाचित परवानाही जाणार. आणि न बोलण्यात काही अवघड नव्हतं. बाई फोटो उचलून पुढच्या कारखान्यात गेल्या असत्या, झालं असतं. त्यांनी फोटो उचललाही.

"थांबा," थांबाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माझ्या नणंदेचा हात आहे."

वन्संना बोलावणं गेलं. त्या झग्यावरच आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि सगळं समजल्या. त्यांनी मोजा काढला आणि हात फोटोशेजारी टेकवला. करंगळीला करंगळी मिळाली.

"पुसायचा राहिला," वन्सं म्हणाल्या. "राहिला म्हणजे आम्ही पुसतच नाही. पुसलं की जुळणी परत करावी लागते. चूक माझी आहे, पोरींची नाही."

परराष्ट्र खात्यातल्या बाईंनी हात आणि फोटो दोन्ही नीट पडताळून पाहिले. मग म्हणाल्या, "तुम्ही नियमानं पुसला असतात, तर मी आज हात हलवत परत गेले असते आणि जहाजं तिथेच उभी राहिली असती. बसा तुम्ही."

वन्सं बसल्या नाहीत. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "अंगठ्याभोवती काळं दिसतंय ना, ती पट्टी आहे. भाजलं होतं मला. वणव्याचे कॅमेरे गेले तेव्हाची गोष्ट."

म्हणजे तो माल अत्तरवाल्यांचा. वनखात्यासाठी नेलेला, जंगल न बघता थेट सरहद्दीवर गेलेला. आणि त्या कॅमेऱ्यांची वर्षाची किल्ली संपत आली होती. ज्या हट्टापायी थांबाबाईनं इतकी बोलणी खाल्ली, तोच हट्ट आता कामी आला. किल्ली मिळणार नाही, कॅमेरे आंधळे होतील, असं शेजाऱ्यांना छातीठोकपणे सांगता येणार होतं. बाईंनी तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. दोन्ही बाजूंची बरीच बोलणी झाली आणि जहाजं आत गेली. कारखान्याला ताकीद मिळाली, परवाना वाचला.

अत्तरवाले परत आलेच. चेहऱ्यावर तेच हसू. कॅमेरे म्हणे चोरीला गेले होते, सरकारचा काही संबंध नाही, आणि ऑर्डर अजून वाढवायला ते तयार होते. मालकांनी त्यांना बाहेर बसवलं आणि थांबाबाईला आत बोलावलं.

"बाई, तुमचं उत्तर मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण एक सांगा. ऑर्डर नाकारली तर तुमच्या वन्संच्या खोलीचं काय करू?"

"ते मला माहीत नाही," थांबाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत. "मला एवढंच माहीत आहे, की यात आपला फायदा एकदाच होईल आणि तोटा कायमचा. शेजारी तुटेल, जुनं गिऱ्हाईक तुटेल, आणि ते कॅमेरे कोणावर रोखले जातात ते आपण पाहिलंय. नको, मालक."

मालक खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग बाहेर गेले आणि अत्तरवाल्यांना स्वतः फाटकापर्यंत पोहोचवून आले.

वन्संना सांगायचं थांबाबाईच्याच गळ्यात पडलं. खोलीबाहेर बूट काढायच्या बाकावर दोघी बसल्या. बोलायचं काय काय ते तिनं मनात जुळवून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "वन्सं, मी नको म्हणून सांगितलं," एवढंच बाहेर पडलं.

वन्संनी टोपी काढून केस नीट केले. "अगं, मग? तुला नोकरीला मी कशासाठी लावलं होतं? मान डोलवायला? मान डोलवणारी माणसं काय मालकांकडे कमी होती."

"पण तुमचं घर."

"माझं घर मी बघेन. घरात बसलेला माणूस गुडघ्यांनी अधू आहे, हातांनी नाही, तो चहा करून देतो की आयता." मग म्हणाल्या, "त्या कॅमेऱ्यात माझा हात होता गं. तिकडं कोणी पोरगं अंधारात दडून बसलं असेल, त्याला ज्यातून शोधलं त्यात. मला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. तू हो म्हटलं असतंस ना, तर मी तुझ्याशी बोलले नसते."

थांबाबाईनं त्यांचा हात हातात घेतला. बोटं नेहमीसारखीच गार होती. आपल्याला ही नणंद मिळाली यासाठी नेमके कोणाचे आभार मानावेत, ते तिला कळेना, म्हणून ती नुसतीच हात धरून बसून राहिली.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत, उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. स्वच्छ खोली बराच काळ कुलपात राहिली. मालकांनी आतल्या बायकांना सूक्ष्मदर्शकांवर आणि खालच्या दुकानात वाटून घेतलं, पगार कमी झाले, पण कोणी घरी गेलं नाही. वन्संच्या वाट्याला चष्म्याचा गल्ला आला. गिऱ्हाइकानं हौसेनं उचललेली फ्रेम "ही तुम्हाला शोभत नाही" म्हणून हातातून काढून घ्यायच्या, आणि नवल म्हणजे गिऱ्हाइकं ऐकायची. शेजारी देशातली इस्पितळं मात्र टिकून राहिली. सूक्ष्मदर्शक जात राहिले आणि त्यावर सगळ्यांनी तग धरला. वन्संच्या मुलीचं कॉलेज सुटलं नाही. तिची फी एका वर्षी थांबाबाईनं भरली, आणि त्यावरून वन्सं आठवडाभर रुसल्या.

मग एक लहानशी ऑर्डर आली, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या एका दूरच्या पथकाची. थांबाबाईनं तीही उलटीपालटी करून पाहिली. पथकाला फोन केला, त्यांच्या बोटी कुठे उभ्या असतात, रात्री कोण जातं, सगळं विचारलं. पलीकडचा माणूस शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही विकताय की मुलगी देताय?" किल्लीची अट त्यानं एका शब्दात मानली. स्वच्छ खोलीचं कुलूप उघडलं. अर्ध्याच बायकांचं काम होतं, पण काम होतं. फोटो आता नियमानं पुसले जातात का, असं थांबाबाईनं एकदा विचारलं. वन्सं म्हणाल्या, "जाताना नाही. परत आल्यावर पुसू." आणि यावर आपल्या थांबाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा कानाडोळा केला.

वर्ष उलटलं तसे ते कॅमेरे किल्लीसाठी माहेरी आले. कडेला मिठाचे पांढरे डाग, पट्टे झिजलेले. वन्संनी पहिला कॅमेरा टेबलावर घेतला, जोडला आणि काचेवर टकटक करून भावजयीला आत बोलावलं. थांबाबाई झगा घालून आली.

पडद्यावर पहिला फोटो, वन्संचा हात. वन्सं एकेक फोटो पुढे सरकवत गेल्या. काळं पाणी. बोटीचा काठ. काळं पाणी. परत काळंच पाणी. मग त्या काळ्यात एक बारीक पांढरा ठिपका. पुढच्या फोटोत तो मोठा झालेला. त्याच्या पुढच्यात तो एक हात होता, पाण्याबाहेर आलेला, पाचही बोटं पसरलेली, टोकांना काळपट. आणि शेवटच्या फोटोत त्या हाताला वरून दोन हातांनी घट्ट धरलेलं होतं.

वन्संनी आपला तळहात पडद्याशेजारी धरून पाहिला, मग बाहीनं डोळे पुसले आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "चला. परत आला की पुसायचा म्हणून ठरलंय आपलं." त्यांचं बोट सगळे फोटो एकदम पुसणाऱ्या बटणाकडे गेलं.

"थांबा, वन्सं," थांबाबाई म्हणाली.

वन्संनी बोट मागे घेतलं. "थांबते हो," म्हणाल्या, आणि टेबलापुढच्या बाकावर सरकून त्यांनी भावजयीला बसायला जागा करून दिली.